सुंता, पैसा आणि संशोधनाचा प्रश्न
समजा, विश्रांतवाडीतल्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बाळाची कातडी मागे सरकत नाही, सुंता करून टाकू." अशा वेळी तुम्हाला १९४९ चा गेर्डनर यांचा लेख आठवायला हवा. जन्मतः जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे जाते. बाकीच्यांची बहुधा वयानुसार आपोआप सुटते. जोर लावायचा नाही. लघवीला त्रास किंवा वारंवार जंतुसंसर्ग असेल, तर गोष्ट वेगळी.

मग गरज ठरते कशावर? २००९ मध्ये लायबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासली. मेडिकेड जिथे सुंतेचे पैसे देतं, तिथल्या रुग्णालयांत सुंतेची टक्केवारी २४ अंकांनी जास्त निघाली. पण यावरून डॉक्टर लोभी ठरत नाहीत. फुकट असेल तर पालकही 'हो' म्हणतात. ही दोन कारणं वेगळी कशी काढाल? आराखडा तिथूनच सुरू करा.