दोन किलोंचा ताळेबंद

बँकेत असताना कर्ज मागायला येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारीत असे, ‘वस्तू कशासाठी हवी आहे?’ किंमत, तारण, जामीनदार हे सगळे नंतर. निवृत्तीनंतरही ही सवय सुटलेली नाही. त्यामुळे गेल्या महिन्यात लेक जेवता जेवता म्हणाली, ‘बाबा, मला मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घ्यायचाय. अडीच लाखांच्या घरात जाईल. निम्मे तुम्ही द्याल का? दोन वर्षांत फेडीन,’ तेव्हा माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

ती माहितीपटांचे संकलन करते. चित्रीकरण गावोगावी, पहिली कच्ची जुळणी तिथल्याच लॉजच्या खोलीत आणि पुढचे काम अंधेरीला. डोंबिवलीहून रोजची लोकल. तिचे जुने यंत्र दृश्ये जोडता जोडता तापते, पंखा गिरणीसारखा घरघरतो आणि मग गाडे मंदावते. त्या मंदपणापायी गेल्या दिवाळीत तिच्या हातचे एक काम गेले. म्हणजे गरज खरी होती. तरीही दोन किलोंच्या वस्तूला अडीच लाख? मी वही-पेन घेऊन बसलो.

चार दिवस वाचले, दुकानांत जाऊन यंत्रे उचलून पाहिली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. लॅपटॉपची रचना म्हणजे ताळेबंदच असतो. डावीकडे काही वाढवले की उजवीकडे त्याची नोंद पडतेच. फुकट काहीच मिळत नाही.

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑसबर्न १’ नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक निघाला. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा आणि बॅटरी नाहीच. तरी लोकांनी तो हौसेने घेतला. वाहून नेण्याच्या सोयीसाठी माणूस काय काय सोसायला तयार होतो, त्याचा हा पहिला हिशेब. आज पडदा १६ इंचांचा आणि वजन दोन किलो झाले, पण सोसणे संपलेले नाही.

पडद्याचेच घ्या. १४ इंच आणि १६ इंच यांत फरक दोनच इंचांचा वाटतो. पण हे माप कर्णाचे असते. आकार तोच ठेवला, तर क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. संकलन करणाऱ्याला तेवढ्या जागेत दृश्यांची आणखी एक रांग दिसते. पण त्याच प्रमाणात काच वाढते, पत्रा वाढतो, पडदा उजळायला वीज अधिक लागते आणि पिशवी मोठी घ्यावी लागते.

आता वीज. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा १०० वॉट-तासांच्या आतबाहेर थांबते. कारण विमानप्रवासाच्या नियमात आहे. तेवढ्यापर्यंतची बॅटरी वेगळी परवानगी न काढता सोबत नेता येते, पुढे विमान कंपनीला विचारावे लागते. शंभराची शिल्लक म्हणजे तासाला १० वॉट खर्च असेल तर दहा तास, १०० वॉट असेल तर एकच तास. शिल्लक वाढवायची सोय नाही. उरतो तो खर्च आवरणे हा गृहिणीचा मार्ग. खेळांसाठी आणि जड कामांसाठी बनवलेली काही यंत्रे भिंतीतल्या विजेवर पळतात, पण बॅटरीवर आली की दमतात. त्यांचा चार्जर विटेएवढा असतो, हे दुकानातला मुलगा आपणहून सांगत नाही.

खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती काढायला पंखा हवा, हवेला वाट हवी. यंत्र जितके सडपातळ तितका पंखा लहान. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून आवाज जास्त. तेही जमले नाही की यंत्र स्वतःच वेग कमी करते. लेकीच्या लॅपटॉपचे नेमके हेच होत होते.

सडपातळपणाच्या हौसेचा धडा द्यायला ॲपलसारखे उदाहरण नाही. २०१६ साली त्यांनी १५ इंची मॅकबुक प्रो १८ मिलिमीटरवरून साडेपंधरावर आणला. वजन दोन किलोंवरून १.८३ किलोवर आले. पण बॅटरी ९९.५ वॉट-तासांवरून ७६ वर उतरली, कॅमेऱ्याचे कार्ड घालायची खाच गेली, टीव्हीची तार जोडायची जागा गेली, आणि आला ‘बटरफ्लाय’ नावाचा पातळ कळफलक. धुळीचा कण शिरला की त्याची कळ रुसत असे. २०१८ मध्ये कंपनीला तो मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या १६ इंची यंत्रात जुन्या धर्तीचा कळफलक आणि १०० वॉट-तासांची बॅटरी परत आली. २०२१ मध्ये कार्डाची खाच आणि टीव्हीची जागाही परतली. त्या यंत्राची जाडी १६.८ मिलिमीटर आणि वजन दोन किलोंहून थोडे अधिक. मधल्या काळात त्यांनी कमी वीज खाणारी स्वतःची चिप बनवली होती, म्हणून हे साधले. अडीच मिलिमीटर वाचवण्यासाठी जे घालवले होते, ते परत आणायला पाच वर्षे लागली!

कळफलकाचे दुःख मला ठाऊक आहे. माझा स्वतःचा एक लॅपटॉप, कंपनीचे नाव कशाला घ्या, कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात ‘र’ला अडला. ‘र’विना मराठीत किती शब्द लिहिता येतात, करून पाहा. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘काका, एक कळ बदलता येत नाही. सगळा वरचा भाग बदलायला लागेल, बॅटरी त्यालाच चिकटवलेली आहे.’ खर्चाचा आकडा ऐकून मी उरलेली प्रकरणे हाताने लिहिली.

मोठ्या लॅपटॉपच्या कळफलकात आणखी एक मेख आहे. रुंदी मिळते म्हणून पुष्कळ कंपन्या उजवीकडे आकड्यांचा चौकोन बसवतात. माझ्यातल्या बँकवाल्याला तो हवाच वाटतो. आयुष्यभर त्याच कळांवर बेरजा केल्या. पण त्यामुळे अक्षरे डावीकडे सरकतात आणि लिहिणारा पडद्याच्या मध्यासमोर बसत नाही. दोन-दोन तास लिहिणाऱ्या कादंबरीकाराची मान त्याची किंमत मोजते. माझ्या एकाच देहातल्या दोघांचे यावर एकमत झालेले नाही. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्रेमवर्क’ कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपने हा तंटा मिटवला. त्यात कळफलक मध्ये सरकवता येतो, आकड्यांचा चौकोन हवा त्या बाजूला बसवता येतो, मेमरीही स्वतः वाढवता येते. पण चित्रांच्या कामाचा जादा भाग मागे जोडला की वजन २.४ किलोंवर जाते. मॅकबुकची मेमरी नंतर वाढतच नाही, म्हणजे पाच वर्षांची गरज आजच ओळखून पैसे मोजायचे. एकीकडे खांद्यावर भार, दुसरीकडे दूरदृष्टीवर.

सगळे मांडून मी तोडगा काढला. १४ इंची लॅपटॉप घे आणि घरी टेबलावर मोठा पडदा ठेव. वजन कमी, पैसेही वाचतील. लेक शांतपणे म्हणाली, ‘बाबा, काम घरी असतं तर तसंच केलं असतं. लॉजवर तो पडदा कोण आणणार?’

मला एकदम तालुक्याच्या शाखेतल्या एक बाई आठवल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांनी मोटारीच्या जड शिलाई मशीनसाठी अर्ज केला होता. काटकसर म्हणून मी तो साध्या पायमशीनपुरता मंजूर केला. वर्षाच्या आत त्या पुन्हा आल्या. जाड कापडाच्या पिशव्यांचे काम मिळत होते, मशीनला ते झेपले नाही, काम दुसरीकडे गेले. मला एक शब्द बोलल्या नाहीत, नुसता नवा अर्ज पुढे सरकवला. हिशेब माझा बरोबर होता. फक्त शिवणारे हात माझे नव्हते.

तरी खांद्याचा प्रश्न होताच. लेकीने त्यावर स्वतःच उपाय काढला. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या टाकून तिने आठ दिवस डोंबिवली ते अंधेरी प्रवास केला, दादरला गाडी बदलून, गर्दीच्या वेळी. आठव्या दिवशी बाटल्या माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, ‘खांदा भरून येतो. पण बारक्या पडद्यावर रात्रभर काम केल्यावर डोळे दुखतात, त्यापेक्षा हे परवडलं.’

इतकी चोख पाहणी बँकेत असताना माझ्यासमोर एकाही कर्जदाराने ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एक मुदत ठेव मोडली. अट एकच घातली, मेमरी जास्तीची घे. व्याजाचा रकाना कोरा ठेवला आहे.