बत्तीस मिलिमीटरचा फर्मा

खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मध्ये, थळ घाटाच्या चढणीच्या अलीकडे वसलेल्या उंबरमाळीच्या परिसरातली जुनी घरे ज्यांनी आतून पाहिली असतील, त्यांच्या ध्यानात आले असेल की तेथील सामानसुमानाच्या व्यवस्थेत हलत्या फळीला मुळी स्थानच नव्हते. आढ्याला टांगलेले शिंके, मातीच्या भिंतीत ठेवलेला कोनाडा, आणि घर जरा ऐपतदार असले तर सागाच्या चौकटीत बसवलेले फडताळ, एवढ्यावर संसार भागत असे. आणि फडताळाची फळी एकदा ज्या उंचीवर ठोकली गेली, तिथेच ती पिढ्यानुपिढ्या राही. डबा उंच निघाला तर डबा बदलायचा, फळी नव्हे, असा शिरस्ता होता. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून प्लायवूडची कपाटे येऊ लागली आणि हा शिरस्ता मोडला. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतल्या अंगाने भोकांच्या उभ्या रांगा, त्यांत चार लहानशा पिना, आणि त्या पिनांवर नुसती ठेवलेली फळी: या साध्या तजविजीने गृहिणीला, ग्रंथपालाला आणि ग्रामपंचायतीच्या कारकुनाला फळी वरखाली करण्याची मुभा मिळाली. ही भोके पाडताना ड्रिलच्या बिटाला वाट दाखवणारी जी छिद्रांची पट्टी वापरतात, तिला कोणी जिग म्हणतात, कोणी फर्मा. वस्तू क्षुल्लक खरी. परंतु तिच्याविषयी कारागिरांत आणि गिऱ्हाइकांत ज्या समजुती रूढ झाल्या आहेत त्यांच्यापायी चांगल्या प्लायची जी नासाडी होते, ती क्षुल्लक नाही.

सर्वांत मानी गैरसमज असा, की ज्याला माप घेता येत नाही अशा नवशिक्याने फर्मा वापरावा. ज्याचा हात बसलेला आहे त्याला टेप, गुण्या आणि पेन्सिल पुरे. या म्हणण्यात स्वाभिमान आहे, आणि तो अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु हिशेब त्याच्या बाजूने नाही. एका कपाटाला बाजू दोन, प्रत्येक बाजूला पुढची आणि मागची अशा रांगा दोन, आणि एका रांगेत भोके २० धरली तरी एकूण भोके ८० होतात. निष्णात कारागिराची पेन्सिलही अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे होते; तो दोष हाताचा नव्हे, पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीचा आणि टेपच्या हुकाच्या सैलपणाचा. प्रत्येक भोकाचे माप मागच्या भोकापासून घेतले आणि चूक एकाच दिशेने होत गेली, तर विसाव्या भोकाशी ती जवळजवळ १० मि.मी. भरते. शहाणा कारागीर म्हणून सगळी मापे तळापासूनच घेतो. चूक साठत नाही, पण एक भोक अर्धा मि.मी. वर आणि त्याच्या समोरचे अर्धा मि.मी. खाली, असे एक मि.मी.चे अंतर राहण्याचा संभव उरतोच. तेवढे अंतर फळी डुगडुगायला पुरेसे असते. तिपाई कशीही ठेवली तरी डुगडुगत नाही, चौरंग मात्र जमीन जरा उंचसखल असली की डुगडुगतो. फळी चार पिनांवर टेकलेली असल्यामुळे तिची जात चौरंगाची आहे.

फर्म्याचे काम नेमके येथे सुरू होते, आणि ते समजले की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात. फर्मा माप अचूक करतो, ही समजूत अर्धसत्य आहे. तो माप एकसारखे करतो. त्याच्या पट्टीतले सातवे छिद्र पाडतानाच २ मि.मी. वर गेलेले असले, तर चारही रांगांतले सातवे भोक २ मि.मी.च वर जाईल, आणि त्यावर ठेवलेली फळी पाण्याच्या पातळीसारखी सपाट बसेल. फळीला फक्त आपल्या चार भोकांचा एकमेकांशी मेळ हवा असतो. वरच्या-खालच्या भोकांशी तिला कर्तव्य नसते. उलट, ऐंशीच्या ऐंशी भोके निरनिराळी मापून पाडणारा कसबी माणूस प्रत्येक भोकात थोडा थोडा बरोबर असतो आणि चारांच्या मेळात चुकतो.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज. फर्मा आणला म्हणजे चूक अशक्य झाली, असे मानून जो निर्धास्त होतो त्याची फळी मानी सुताराच्या फळीपेक्षाही वाकडी बसण्याचा संभव असतो. फर्मा एकसारखेपणा राखतो तो एका कडेच्या संदर्भाने. ती कड बदलली की त्याचा सगळा हुकूम उलटा फिरतो. १८०० मि.मी. उंचीच्या कपाटाची डावी बाजू घ्या आणि तळापासून १०४ मि.मी.वर पहिले भोक घेऊन ३२ मि.मी.च्या अंतराने वर जा. उजव्या बाजूला मात्र गडबडीत पट्टी माथ्याकडून लावा आणि तेच अंतर राखून खाली या. दोन्ही बाजूंना फर्मा तोच, बिट तेच, हातही तोच. तरीही समोरासमोरच्या भोकांत ८ मि.मी.चा फरक पडेल, कारण मधली लांबी ३२ ने निःशेष भागली जात नाही. बाजू आधीच २ मि.मी. आखूड कापली गेली असेल तर तो दोषही त्यात मिसळतो. म्हणून जाणता मिस्त्री कपाट जोडण्यापूर्वी दोन्ही बाजू जमिनीवर उताण्या मांडतो, त्यांच्या दर्शनी कडा एकमेकींना भिडवतो, तळाच्या कडा एका रेषेत आणतो, आणि दोन्हींवर पेन्सिलीने ठळक ‘तळ’ लिहून मगच ड्रिल हातात घेतो. पट्टी आखूड असेल तर शेवटच्या छिद्रातून नुकत्या पाडलेल्या भोकात पिन घालून ती पुढे सरकवायची असते. या सरकवण्यात होणारी बारीक चूकही निरुपद्रवी ठरते, मात्र चारही रांगा तळापासूनच निघालेल्या हव्यात आणि सरकवण्याची रीत प्रत्येक वेळी तीच हवी.

बत्तीस या आकड्याभोवती तर एक प्रकारची श्रद्धाच निर्माण झाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात युरोपात, मुख्यतः जर्मनीत, चौकटीविना कपाटे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली तेव्हा एका दाबात भोकांची अख्खी रांग पाडणारी यंत्रे आली. त्या यंत्रांतले शेजारशेजारचे दांडे दंतचक्रांवर फिरत आणि ३२ मि.मी.पेक्षा जवळ आणणे त्या काळी सोयीचे नव्हते, असे या अंतराचे कारण सांगितले जाते. त्यातूनच भोकाचा व्यास ५ मि.मी., भोकाभोकांतले अंतर ३२ मि.मी. आणि पुढची रांग दर्शनी कडेपासून ३७ मि.मी. आत, असा दंडक रूढ झाला. बिजागरीच्या बैठकीचे दोन स्क्रू आणि ड्रॉवरच्या रनरची छिद्रे याच मापावर बेतलेली असतात. तेव्हा तीच रांग फळीला आणि बिजागरीला दोहोंना वापरायची असेल तर ३२ आणि ३७ हे आकडे पाळणे भाग आहे. कपाटाला नुसत्या फळ्याच घालायच्या असतील, तर अंतर ३० ठेवले काय किंवा ४० ठेवले काय, फळीला त्याची दाद ना फिर्याद.

येथे आमच्या भागातील सूत आडवे येते. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, प्लायची जाडी मिलिमीटरांत बोलली जाऊ लागली, पण तक्ता अजून आठ बाय चार फुटांचाच मिळतो आणि मिस्त्री बोलतो ते सुतातच. इंचाचे सूत ८, म्हणून ३२ मि.मी. म्हणजे सव्वा इंच, म्हणजेच १० सूत, असे गणित तोंडी केले जाते. सव्वा इंच भरतो ३१.७५ मि.मी. पाव मिलिमीटरचा हा फरक एका अंतरात डोळ्याला दिसत नाही. वीस अंतरांनंतर तो ५ मि.मी. होतो, म्हणजे एका अख्ख्या भोकाएवढा. फळी तरीही सपाट बसेल, कारण चारही बाजूंनी सुताचाच फर्मा वापरलेला असेल. पण वर बिजागरीची बैठक लावायला गेल्यावर स्क्रू भोकात उतरणार नाही. पिनांचीही तीच कथा. पाव इंची पिन ६.३५ मि.मी.ची असते, तिच्यासाठी पाडलेल्या भोकात ५ मि.मी.ची पिन खुळखुळते, आणि मग दोष फर्म्याच्या माथी मारला जातो.

भोकांच्या रांगांनी कपाट कमजोर होते, अशी तक्रार गिऱ्हाईक नेहमी करते. ३२ मि.मी.मागे ५ मि.मी.चे भोक म्हणजे त्या रेषेवरची साधारण १६ टक्के लांबी, आणि भोक १८ मि.मी. जाडीत १० मि.मी.च उतरत असल्याने त्या रेषेवरचे लाकूड जाते ते ९ टक्क्यांच्या आत. कपाटाची बाजू एवढ्याने खचत नाही. ओझ्याखाली वाकते ती फळी. पुस्तकांचे वजन फळीच्या मीटरला साधारण २५ ते ३० किलो धरतात, ९०० मि.मी.ची फळी पुस्तकांनी भरली तरी एका पिनेच्या वाट्याला सहा-सात किलो येतात, आणि लोखंडी पिन ते लीलया पेलते. पण तीच फळी ४५० मि.मी.च्या फळीपेक्षा मध्यभागी सोळापट झुकते, कारण लांबीवर सारखे पसरलेले ओझे असेल तर झुकाव लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताचा: १२ मि.मी.ऐवजी १८ मि.मी. फळी घेतली की झुकाव तिपटीहून अधिक कमी होतो. जास्त पिना ठोकून ओझे पेलण्याचा उद्योग करण्यापेक्षा कपाटाचा खण अरुंद करावा.

मात्र भोके तळापासून माथ्यापर्यंत पाडण्याची जी चाल पडली आहे तिचे समर्थन मला करता येत नाही. फळी कोठे कोठे जाऊ शकेल याचा आधी विचार करावा. तलाठी दप्तरातल्या नोंदवह्या पूर्वी रुमालात बांधलेल्या असत, आता उभ्या बॉक्स फाइली आल्या. पण म्हणून कोणी तळापासून १०० मि.मी.वर फळी लावत नाही. गावच्या वाचनालयाची गोष्ट जरा निराळी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे ग्रंथालयाच्या वाढत राहण्याविषयी आहे, आणि १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’ वर्गाच्या लहानशा वाचनालयातही क्राऊन आकाराच्या कादंबऱ्यांशेजारी डेमी आकाराचे ग्रंथ आणि त्यांहून उंच दिवाळी अंक येऊन बसतात. तेथे लांब रांग कामाची. स्वयंपाकघरात मात्र प्रत्येक अपेक्षित जागेच्या वर दोन आणि खाली दोन भोके पुरतात. रिकाम्या भोकांना दुसरे गिऱ्हाईकही असते: उघड्या कपाटात कुंभारीण माशी मातीचे बूच लावून त्यांत बिऱ्हाड करते, आणि पिन घालायच्या वेळी आधी तिची माती खरवडावी लागते.

खोलीच्या बाबतीत बिटाला चिकटपट्टी गुंडाळली की झाले, हा समज सनमायकाच्या जिवावर बेततो. चिकटपट्टी चार-सहा भोकांनंतर तापून वर सरकते आणि बिट पलीकडच्या अंगाने बाहेर डोकावते. स्क्रूने आवळला जाणारा स्टॉपर लावावा. आणि तो लावताना फर्म्याची जाडी विसरू नये. पट्टी १२ मि.मी.ची असेल आणि भोक १० मि.मी. खोल हवे असेल, तर स्टॉपर बिटाच्या टोकापासून २२ मि.मी.वर. मध्यभागी अणी आणि कडेला धार असलेले बिट तंतू आधी कापून मग लाकूड उचलते, म्हणून सनमायकाच्या कडा उडत नाहीत. पट्टी घट्ट दाबलेली असली की साध्या बिटानेही बरेच निभते. हाताने धरलेले ड्रिल तिरपे जाऊ नये याचीही खबरदारी तीच पट्टी घेते.

फर्मा परदेशी आणि महागच हवा, असे मुळीच नाही. सरळ कडेच्या प्लायच्या पट्टीत एकदा काळजीपूर्वक पाडलेली छिद्रे एका घराच्या कपाटांना पुरतात. पुढे बिटाच्या घर्षणाने ती सैल होतात, आणि एकसारखेपणाचा जो एकमेव गुण होता तोच जातो. म्हणून ज्याचा हा धंदा आहे त्याने लोखंडी पट्टीत उभ्या ड्रिल यंत्रावर छिद्रे पाडून घ्यावीत.

अस्सल सागाच्या कपाटाला ही रीत लागू पडत नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून भोकांचा मेळ सुटतो, असे म्हणणारे जुने लोक या जंगलपट्टीत अजून भेटतात. शहापूरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला ही भीती पटावी यात नवल नाही. परंतु लाकूड फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेने; तंतूंच्या लांबीत होणारा बदल नगण्य असतो. कपाटाच्या बाजूचे तंतू उभे असतात, तेव्हा भोकांची उंची श्रावणात आणि वैशाखात सारखीच राहते. पुढच्या आणि मागच्या रांगेतले अंतर किंचित वाढते-घटते, आणि फळी पिनांवर नुसती टेकलेली असल्याने तिला त्याचा पत्ताही लागत नाही. फुगते ती फळीची रुंदी, म्हणून सागाच्या फळीला मागच्या अंगाला दोन-तीन मि.मी. मोकळी जागा ठेवावी.

भोके आधीच चुकलेली असतील तर सगळी बाजू बदलण्याची घाई करू नये. फळी डुगडुगली की प्रथम त्याच पिनांवर दुसरी फळी ठेवून पाहावी. ती स्थिर बसली तर पीळ पहिल्या फळीत आहे आणि भोके निर्दोष आहेत. दुसरीही डुगडुगली तर जी पिन खाली राहते तिच्यावर सनमायकाची एक मि.मी.ची कपची सरसाने चिकटवावी. फरक तीन-चार मि.मी.चा असेल तर मात्र कपच्या रचत बसू नये. जुन्या रांगेच्या मागे बोटभर अंतरावर, चारही ठिकाणी तळापासून, फर्मा लावून नवी रांग पाडावी.