न भरलेलं शून्य

सी भाषेत सगळ्या फंक्शनांच्या बाहेर ‘इंट बेरीज;’ एवढंच लिहा. किंमत दिली नाही, तरी प्रोग्रॅम सुरू होताना तिथे शून्य असणार, ही हमी भाषेच्या नियमांतच आहे. तीच ओळ फंक्शनच्या आत गेली की हमी संपली. मग बेरजेत काय निघेल याचा नेम नाही. बहुधा त्या जागी आधीचं जे पडून होतं तेच.

हा दुजाभाव खर्चापोटी आहे. फंक्शनांबाहेरच्या, म्हणजे ग्लोबल, व्हेरिएबलला जागा एकदाच मिळते, ती एकदा पुसली की झालं. फंक्शन मात्र लाखो वेळा बोलावलं जातं. दर वेळी झाडलोट परवडत नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये सी घडवली, तेव्हा मेमरी किलोबाइटांत मोजत.

ग्लोबल शून्य किती स्वस्त, ते करून बघण्यासारखं आहे. दहा लाख पूर्णांकांचा ग्लोबल अ‍ॅरे जाहीर करा. चालताना त्याला सुमारे ४० लाख बाइट लागतात, पण डिस्कवरची फाइल जेमतेम वाढते. तिच्यात फक्त ‘इतकी जागा शून्याची’ अशी नोंद असते. या भागाला बीएसएस म्हणतात. आता पहिल्या घरात १ भरा. फाइल ४० लाख बाइटांनी फुगते, कारण मागची ९,९९,९९९ शून्यंही लिहून ठेवावी लागतात!

किंमत नाही तसा प्रकारही सांगितला नाही तर? १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक, बाकीची दशांश. मोकळ्या जागेला तिथे अर्थ नव्हता. नासाच्या मर्क्युरी प्रकल्पाच्या एका प्रोग्रॅममध्ये ‘डू १० आय = १,१०’ या लूपच्या ओळीतल्या स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं. कंपायलरने ‘डू१०आय’ नावाचं नवंच व्हेरिएबल बनवून त्यात १.१० ठेवलं. लूप गायब, तक्रार शून्य. चूक वेळीच सापडली. (मरिनर-१ हे अंतराळयान याच टिंबाने पडलं, ही दंतकथा.) पुढे फोर्ट्रान ९० ने प्रत्येक नावाचा प्रकार सांगायला लावणाऱ्या ‘इम्प्लिसिट नन’ला प्रमाणात जागा दिली, सीनेही न सांगितलेला इंट १९९९ मध्ये काढून टाकला.

फुकटचं शून्य मात्र राहिलं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. भलताच आकडा निदान डोळ्यांत खुपतो. सेन्सरकडून काहीच आलेलं नसताना उमटलेलं ० अंश खरंच वाटतं. म्हणून तर हवामानाच्या तक्त्यांत न मिळालेल्या नोंदीच्या जागी -९९९ सारखा अशक्य आकडा मुद्दाम भरतात.