मॅक्स प्लांक आणि क्वांटम सिद्धांताचा उदय

लोहाराच्या भट्टीत लोखंडाची कांब तापू लागली की ती प्रथम तांबडी, मग पिवळसर आणि अखेरीस पांढरी दिसते. हे दृश्य मानवाने हजारो वर्षे पाहिले. परंतु तापमानानुसार रंग नेमका असाच का बदलतो, याचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाअखेरही भौतिकशास्त्रापाशी नव्हते. ते शोधताना जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स प्लांक (१८५८-१९४७) यांनी क्वांटम सिद्धांताचा पाया घातला.

तरुण प्लांक म्युनिक येथे शिकत असताना भौतिकशास्त्रात आता नवे शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे प्राध्यापक फिलिप फॉन योली यांनी त्यांना सांगितले होते. तरीही त्यांनी हाच विषय निवडला आणि पुढे ते बर्लिन येथे प्राध्यापक झाले.

बर्लिनमध्येच तप्त वस्तूंतून निघणाऱ्या प्रारणाची अचूक मोजमापे झाली, तेव्हा प्रचलित सूत्र त्यांच्याशी पूर्णपणे जुळेना. ऑक्टोबर १९०० मध्ये प्लांक यांनी मोजमापांशी जुळणारे नवे सूत्र मांडले. मात्र सूत्र जुळले म्हणजे कारण कळले, असे नव्हे. कारणाच्या शोधात त्यांना बोल्ट्झमन यांची संख्याशास्त्रीय पद्धत स्वीकारावी लागली. या विचारसरणीला त्यांनी स्वतःच पूर्वी विरोध केला होता. अखेर १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी जर्मन भौतिकशास्त्र संस्थेपुढे आपले स्पष्टीकरण ठेवले. त्यातून पुढे आलेला विचार असा: ऊर्जेची देवाणघेवाण सलग होत नाही, ती ठरावीक पुंजांनी होते.

खळ्यावरील धानाची रास दुरून सलग दिसते. मूठ भरून घेतली की दाणे वेगळे दिसतात. ऊर्जेचेही तसेच आहे. मात्र हे दाणे सारख्या आकाराचे नसतात. प्रकाशाची वारंवारिता जितकी अधिक, तितका पुंज मोठा. तांबड्या प्रकाशाचा पुंज लहान, निळ्याचा मोठा. कमी तापमानात मोठे पुंज क्वचितच बाहेर पडतात. म्हणून कांब प्रथम तांबडी दिसते.

या विचाराच्या आधारे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशाचेच पुंज कल्पिले. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांक यांचे सूत्र नव्या पद्धतीने सिद्ध केले.

प्लांक स्वभावाने बंडखोर नव्हते. आपला शोध जुन्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न त्यांनी पुढेही अनेक वर्षे केला. परंतु पुरावा आणि स्वतःचे मत यांत विरोध आला, तेव्हा त्यांनी मत बदलले, पुरावा नाकारला नाही. १९१८ च्या नोबेल पारितोषिकाइतकेच हेही त्यांचे मोठेपण आहे. "सारे शोध लागून गेले" असे आपल्या मुलांना कोणी सांगितले, तर पालकांनी त्यांना प्लांक यांची ही हकिकत अवश्य सांगावी.