मूळ प्रत आणि आपली प्रत

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले, ही कथा आम्हां पुणतांबेकरांना लहानपणापासून पाठ. पण कोरेपणाची खरी धास्ती मला गेल्या वर्षी कळली. आम्ही जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एकुलती एक फाईल पुसली गेली! ओव्या पुन्हा जमवितानाच मी ‘गिट’ शिकलो. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली रचले. दूरच्या संगणकावरील कोठाराची प्रत हवी असल्यास कमांड लाइनवर ‘गिट क्लोन’ लिहून पुढे त्याचा पत्ता द्यावा. केवळ ताजा मजकूर नव्हे, तर नोंदलेला प्रत्येक बदल, कोणी व केव्हा केला यासह, आपल्याकडे उतरतो. नंतरची भर ‘गिट पुल’ने आणावी. आता मूळ कोठार बुडाले, तरी आम्हां चौघांपैकी कोणाच्याही प्रतीवरून ते पुन्हा उभे राहील.