दोरी, चार खुंट्या आणि वजनकाटा

वैजापूर तालुक्यात खरिपाची पिकं पिकली की कृषी, महसूल आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी दुचाकीवर शिवारं पालथी घालू लागतात. सोबत मोजपट्टी, दोरी, खुंट्या, ताडपत्री आणि वजनकाटा. काम : पीक कापणी प्रयोग.

शेत कोणतं, हे त्यांनी ठरवायचं नसतं. गट क्रमांक यादृच्छिक आकड्यांवरून निघतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरलेली पावलं मोजायची आणि पोहोचाल तिथे खुंटी ठोकायची, मग तिथलं पीक डोलदार असो की पिवळं पडलेलं. बाजरीसाठी साधारण १० बाय ५ मीटरचा तुकडा आखतात. तेवढीच कणसं कापून, मळून, दाणे तोलायचे. ऑस्ट्रेलियातल्या अफाट गव्हाच्या शेतांत कापणी यंत्रच चालता चालता उतारा नोंदवतं. इथे ताडपत्रीभोवती अर्धं गाव जमतं, आणि सल्लेही फुकट मिळतात.

या पद्धतीचा शास्त्रीय पाया १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी घातला. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

पीकविम्यामुळे या तुकड्याला भलताच भाव आला. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगांतल्या उत्पन्नावरून ठरते. हिशेब महसूल मंडळाचा. खरी अडचण इथेच आहे : एकाच मंडळात एका गावावर पाऊस कोसळतो, शेजारचं कोरडं राहतं आणि सरासरी मात्र दोघांची एकच निघते.