टेम्प ट्रॅक: उसन्या संगीताची पकड

बारवी धरण भरलं की बदलापूर-अंबरनाथच्या रील्स सुरू होतात. कोसळतं पाणी आणि त्यावर कुठल्यातरी गाजलेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत. तीच क्लिप आवाज बंद करून बघा, पाणीसुद्धा संथ वाटतं!

सिनेमाच्या कच्च्या कटवर संकलक असंच उसनं संगीत लावतात. तो टेम्प ट्रॅक. लय ठरवायला फार उपयोगी. पण मग कटही त्याच ठेक्यावर पडतात, दिग्दर्शकाच्या कानात महिनोन्महिने तेच घुमत राहतं आणि संगीतकाराला त्याच मापाची चाल शिवावी लागते.

सर्वात चटका लावणारी गोष्ट संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थची. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी त्याने संगीत रेकॉर्ड केलं, पण दिग्दर्शक कुब्रिकने शेवटी टेम्प ट्रॅक म्हणून लावलेल्या अभिजात संगीताच्या रेकॉर्ड्सच ठेवल्या. नॉर्थला हे कळलं १९६८ मध्ये, थेट प्रीमियरला! '३००' या सिनेमाच्या संगीतातले काही तुकडे 'टायटस' या सिनेमाच्या संगीतावरून घेतल्याचं तर स्टुडिओनेच जाहीर कबूल केलं.

आपल्याकडे गाणी बहुधा चित्रीकरणाआधीच तयार होतात, म्हणून ती या सापळ्यातून सुटतात. अडकतं ते पार्श्वसंगीत, आणि त्यावर आपण फार कमी बोलतो.

शॉर्टफिल्म करणाऱ्या मित्रांनो, संगीतकाराला एडिटच्या आधी, पटकथेच्या टप्प्यावरच बोलवा. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं संगीत मोरिकोनेने शूटिंगपूर्वी रचलं होतं आणि दिग्दर्शक लिओने ते सेटवर वाजवत असे.